बोआडू मशीन बंद करत नाही

शुक्रवार, २७ डिसेंबर

परत बंद पडलं. आणि नेमकं वन्संच्या समोर!

सकाळपासून नीट चाललं होतं. नवऱ्याच्या, बोआडूच्या अंत्यविधीचं शूटिंग मीच केलेलं, मीच कापलं, मीच जोडलं. आता फक्त सगळे तुकडे एक करून पूर्ण फिल्म बाहेर काढायची. हे काम मशीन, म्हणजे बोआडूचा कॉम्प्युटर, एकटंच करतं, तासभर घरघरत बसतं. पडद्यावर चित्रं सरकत होती. पाहुणे आले, बायका रडल्या, ढोल वाजले. शवपेटी उचलायला माणसं वाकली आणि चित्र तिथेच थिजलं. माउस हलेना. मग टक् — पडदा काळा, पंख्याचा आवाजही बंद.

पोकुआ वन्सं दारातच उभ्या होत्या. बोआडूची थोरली बहीण. दर शुक्रवारी येतात, चहा नको म्हणतात, पाणी तेवढं मागतात, आणि घरातल्या वस्तूंवरून नजर फिरवून जातात. आज त्यांना नजर फिरवावी लागली नाही.

"बघितलंस? पेटी उचलली की बंद करतो तो. त्याच्या वस्तूला तू हात लावलेला त्याला खपत नाही."

मी म्हटलं, "वन्सं, खपत नसतं तर त्यानं मला शिकवलं कशाला असतं?"

"जिवंतपणी शिकवलं. मेलेल्या माणसाचं मन वेगळं असतं, आमची बायको."

आमची बायको! सासरच्या सगळ्यांची मी बायको, ही आमच्याकडची रीत. कामं सांगायला सगळे नवरे. वाटणीच्या वेळी मी कोणाचीच नाही.

शनिवार, २८ डिसेंबर

नाना ओबिरींनी बोलावलं. बोआडूच्या आईकडच्या घराण्याचे प्रमुख. वन्संनी रातोरात सांगितलं असणार. माझ्या आईला सोबत घेऊन गेले, बोआडू गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते.

आमच्यात माणूस गेला की त्याचं जे काही असेल ते त्याच्या आईकडच्या घराण्याचं. बायको त्या घराण्यातली नसते. पोरंबाळंही नसतात, ती बायकोच्या घराण्याची. मला तर मूलच नाही, त्यामुळे त्यांचं काम आणखी सोपं. वारस म्हणजे बहिणीचा मुलगा, वन्संचा अम्पोन्सा. टीव्ही गेला, फ्रीज गेला, मोटरसायकल गेली. मी दारात उभं राहून दिलं. पण मशीन आणि कॅमेरा देणार नाही. ते माझं काम आहे. बारसं, लग्न, अंत्यविधी — आमची अर्धी बान्तामा वस्ती माझ्या फिल्ममध्ये नाचलीय. अम्पोन्साला कॅमेऱ्याचं झाकण काढायचं सुचत नाही, मागच्या ईस्टरला पूर्ण मिरवणूक त्यानं काळी शूट केली.

कायदा माझ्या बाजूनं आहे म्हणतात. असेल. पण कायदा येऊन अंगणात खुर्ची टाकून बसत नाही. नाना बसतात.

नानांनी दारूचे थेंब जमिनीवर ओतून पूर्वजांना हाक दिली आणि म्हणाले, "बाई, १८ जानेवारीला वर्षाचा विधी आहे. त्या दिवशी सगळ्यांसमोर, ह्याच मशीनवर, ही फिल्म चालव. शेवटपर्यंत चालली तर बोआडूची हरकत नाही असं समजू. मशीन, कॅमेरा तुझे. मध्ये बंद पडली तर अम्पोन्सा घेऊन जाईल. कबूल?"

आई मागून माझं कापड ओढत होती. मी म्हटलं, "कबूल."

घरी आल्यावर आई म्हणाली, "मेलेल्या माणसाशी पैज लावलीस."

मी म्हटलं, मेलेल्याशी नाही, जिवंतांशी लावली. बोआडू मशीन बंद करत नाही. बोआडूला बंद करायचं माहीतच नव्हतं, दिवसरात्र चालू ठेवायचा.

रविवार, २९ डिसेंबर

आई चर्चला. मी मशीनपाशी. पेटीपाशीच बंद.

सोमवार, ३० डिसेंबर

आदुमच्या बाजारातून दुरुस्तीवाला बोलावला. सगळे त्याला मास्टर म्हणतात. मास्टरनं खुर्ची ओढली, चार बटणं दाबली, मान हलवली. "व्हायरस."

"कशावरून?"

"मॅडम, बंद पडतं म्हणजे व्हायरसच."

"मशीन उघडून बघणार नाही?"

"व्हायरस डोळ्यांनी दिसतो होय? सगळं पुसून टाकू. अगदी नवं होईल."

सगळं पुसून! बोआडूला शेवटचं ज्या दिवशी पाहिलं तो दिवस ह्यात आहे. दुसरीकडे कुठेही नाही, कॅमेऱ्याचं कार्ड लग्नांसाठी कधीच परत वापरलं गेलं. आणि हा माणूस टरबूज कापायला बसल्यासारखा बाह्या सरसावून बसलाय. मी प्लग काढून हातात घेतला. म्हटलं, मास्टर, जा.

जाताना म्हणाला, "तुम्ही स्वतः स्क्रूला हात लावू नका बरं. बायकांच्या हाताला घाम असतो, मशीन जळतं."

तो कोपऱ्यावर वळला नसेल तोवर मी पेचकस काढला.

गुरुवार, २ जानेवारी

नवीन वर्ष. प्रत्येकाकडे एक निदान आहे. समोरची केंकीवाली, मक्याचे उकडलेले गोळे विकणारी, म्हणते करंट कमी-जास्त होतो. स्टॅबिलायझर बदलला, दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर लावून पाहिलं. तसंच. चर्चची सेक्रेटरी म्हणते भाऊबंदांचा मत्सर. तो आहेच, पण त्याला वायर कुठे जोडलेली असते? मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून परत बसवल्या. तसंच.

आणि आज दुपारी मला एक सुचलं. एवढं सोपं, आधी का सुचलं नाही कोण जाणे. फिल्मचा क्रमच उलटा केला. शवपेटी अगदी सुरुवातीला आणली, पाहुणे आणि नाच नंतर. लावलं आणि समोर खुर्ची टाकून बसले.

पेटी उचलली. खांद्यावर घेतली. गाडीत ठेवली. मशीन हूं नाही की चूं नाही! पुढे चालू. आणि बंद पडलं ते नाचात, बोआडूची मामी रुमाल फिरवत होती तिथे.

म्हणजे बोआडूला पेटी चालते, नाच चालत नाही? बोआडूला! जो रडणाऱ्यांनासुद्धा उठवून नाचवायचा?

चित्राचा काही संबंध नाही. चालू झाल्यापासून ठरावीक वेळ गेला की ते पडतं. पेटी आजवर नेमकी त्या वेळेला येत होती, एवढंच. मशीनच्या कुशीला हात लावला तर सुपाच्या भांड्याइतकी गरम. मशीन तापतंय.

राहवलं नाही, वन्संना फोन केला. सगळं समजावून सांगितलं. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "तो पहिल्यापासून हुशार. तुला गाफील ठेवायला जागा बदलली त्यानं."

मी फोन ठेवला. अशा माणसापुढे काय डोकं आपटायचं.

रविवार, ५ जानेवारी

हरमटान जोरात. वाळवंटाकडून येणारी धूळ एवढी की समोरची भिंत पिठात बुडवल्यासारखी दिसते. ओठ फुटले. मशीनची एक बाजू काढून टाकली आणि टेबलफॅन पूर्ण सोडला त्याच्यावर. जास्त वेळ चाललं, नाच पार झाला. मग पडलंच. पण आता खात्री. वाऱ्यानं जास्त टिकतं म्हणजे उष्णताच. मग आतला पंखा काय करतो?

आई म्हणाली, "असं उघडं टाकू नकोस. चांगल्या घरची वस्तू उघडी ठेवत नाहीत."

मंगळवार, ७ जानेवारी

आतला पंखा उचकटला.

त्याच्या खाली पांढऱ्या धातूच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांच्या फटींतून गरम हवा बाहेर जाते. एकही फट दिसत नव्हती. काळपट लोकर भरल्यासारखं सगळं. मी फुंकर मारली. हललं नाही. बोटानं खरवडलं तर चिकट.

धूळ कोरडी असते. हरमटानची तर फुंकरीनं उडते. ही तेल प्यायलेली धूळ होती, तळणीच्या वरच्या भिंतीवर असते तशी. पंख्याच्या पात्यांवरही तेच, म्हणून तो कण्हत फिरत होता. ह्या खोलीत आम्ही कधी साधा चहाही केलेला नाही. मग तेल आलं कुठून? मशीनच्या माथ्यावर जाळी आहे, तिच्या कडेलाही तेलाचा ओघळ.

कोणीतरी ओततंय.

कोण ते मला कळलं. दर शुक्रवारी कोण येतं? चहा नको म्हणतं, पण मुद्दाम पाणी मागून मला आत कोण पाठवतं? पाणी मागतात वन्सं. दर वेळी मागतात! मी पेचकस टेबलावर आपटला. भावाच्या नावावर खपवून स्वतः तेल ओतायचं! उद्या सकाळी नानांच्या अंगणात जाते. सगळ्यांसमोर ही लोकर त्यांच्या मांडीवर ठेवते. मग बघू कोण गप्प बसतं.

बुधवार, ८ जानेवारी

गेले नाही. लिहायलाही सुचत नाहीये, पण लिहिते.

उजाडताना उठले. नानांकडे जायचं म्हणून लवकर. बाहेरच्या खोलीत आई उभी. एका हातात चर्चची छोटी बाटली, दुसरा हात मशीनच्या माथ्यावर, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. आणि बाटली तिरपी.

"आई, काय करतेस?"

दचकली नाही. प्रार्थना संपवली, आमेन म्हणाली, बूच लावलं. "रोजचंच. तू झोपलेली असतेस."

"रोज?"

"तू नुसती त्या कोपऱ्यात बसून होतीस ना, तेव्हापासून. बोआडूला जाऊन आठवडाही झाला नव्हता. मी पाद्रीबाबांना विचारलं, माझ्या मुलीकडे आता एवढंच उरलंय, ते तिच्याकडे राहावं म्हणून काय करू. त्यांनी तेल दिलं. म्हणाले, तिच्या कामाच्या वस्तूच्या कपाळाला लाव."

"कपाळाला लाव म्हणाले. आत ओत म्हणाले नाहीत."

"ह्याला कपाळ कुठलं? मी सगळीकडून बघितलं. वर ही भोकं दिसली. म्हटलं, आशीर्वाद आत जायला पाहिजे, नुसता बाहेरून चोपडून काय उपयोग."

मी आत जाऊन ती काळी लोकर कागदावर घेऊन आले, तिच्या हातावर ठेवली. सांगितलं काय आहे ते. आईनं बोटानं चिवडून पाहिलं, वास घेतला. वास ओळखला असणार. भिंतीला धरून खाली बसली.

"म्हणजे मीच?"

मला एवढा राग आला होता की ओरडणारच होते. आणि हसू फुटलं. हसता हसता रडायला लागले, तीही रडायला लागली, आणि म्हणते काय, "तरीच जेवढं जास्त ओतलं तेवढं जास्त बंद पडायला लागलं. मला वाटलं सैतान जोर करतोय, म्हणून मी आणखी ओतलं."

वन्संना मी मनात चोर ठरवून मोकळी झाले होते. त्यांनी बोआडूला ठरवलं होतं. फिट्टंफाट झाली. पण हे बाहेर कळता कामा नये. नानांना 'आईनं तेल ओतलं' सांगितलं की गावभर 'आईनं करणीचं औषध घातलं' होणार. मग मशीन राहिलं बाजूला, आईलाच अंगणात उभं करतील. ते मी होऊ देणार नाही.

पाणी का मागतात वन्सं? तहान लागत असेल. चढ आहे.

शुक्रवार, १० जानेवारी

दोन दिवस साफसफाई. स्पिरिट, जुना टूथब्रश, कापूस. आई कापसाच्या वाती करून देते. पात्यांमधलं तेल काढायला तिचेच हात चांगले, भरतकामाचे हात आहेत. पट्ट्या आणि त्यांच्या खालच्या चिपच्या मध्ये पांढरी पेस्ट असते ती वाळून खडू झाली होती. आदुमहून नवी आणली. दुकानदार म्हणाला, बसवणारा मास्टर कोण? म्हटलं, मास्टर तुमच्यासमोर उभी आहे.

काळं पाणी मी गटारात टाकायला निघाले तर आईनं हात धरला. "पवित्र तेल आहे ते, गटारात नाही." अवोकाडोच्या मुळाशी ओतलं.

आज वन्सं आल्या. मशीनचे अवयव टेबलावर पसरलेले बघून एवढंच म्हणाल्या, "मोडलंस एकदाचं." पाणी मागितलं. मी एकाऐवजी दोन पेले दिले. संशयानं बघत प्यायल्या.

शनिवार, ११ जानेवारी

चाललं. शेवटपर्यंत!

क्रम परत सरळ लावला होता. पेटीची वेळ आली तेव्हा आईनं माझा दंड धरला. माणसं वाकली. उचललं. खांद्यावर घेतलं, वळले, निघाले. पंखा नुसता गुणगुणत होता.

आणि मग मी रडले ते वेगळं. आजवर हे चित्र मी शंभरदा पाहिलं असेल, पण दर वेळी माझं लक्ष मशीनकडे. आता बंद पडेल, आता पडेल. आज पहिल्यांदा त्याला नेताना पाहिलं. खरंच नेलं की त्याला.

सोमवार, १३ जानेवारी

आई विचारते, मग आता तेल कुठे लावू? म्हटलं, माझ्या डोक्याला लाव. केस फार कोरडे झालेत.

रविवार, १९ जानेवारी

काल लिहायला वेळच मिळाला नाही. कालचं आज.

वर्षभराचं काळं उतरवून पांढरं नेसले. घराण्याच्या घरात मोठ्या खोलीत मशीन, भाड्याचा प्रोजेक्टर, भिंतीवर चादर. बाहेर मंडप, आत माणसावर माणूस. नाना पहिल्या खुर्चीत. वन्सं त्यांच्या शेजारी. अम्पोन्सानं मशीन न्यायला पुठ्ठ्याचं खोकंसुद्धा आणलं होतं, खुर्चीखाली ठेवलेलं. मी बघितलं.

लावलं. पाहुणे आले, बायका रडल्या, ढोल वाजले. पेटीपाशी आलं. माणसं वाकली.

आणि अंधार.

वन्सं उठून उभ्या राहिल्या. "पाहिलंत? सगळ्यांनी पाहिलंत? माझा भाऊ नाही म्हणतोय!" बायकांनी एकदम सूर लावला. कोणीतरी गुडघ्यावर बसलं. अम्पोन्साच्या खोक्याचा आवाज मला ऐकू आला.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, डोक्यावरचा पंखाही थांबलाय. मंडपातलं गाणं थांबलंय. पलीकडच्या गल्लीतलं, त्याच्या पलीकडचं. आख्खी वस्ती गप्प. मी खच्चून ओरडले, "लाइट गेलीय! वन्सं, आईस्क्रीमवाल्याच्या फ्रीजवरपण रुसलाय का बोआडू?"

आधी मागच्या रांगेत कोणी हसलं. मग सगळेच. लाइट जाणं म्हणजे आमच्याकडे सूर्य मावळण्यासारखं रोजचं, पण त्या क्षणी एकालाही आठवलं नव्हतं. नानासुद्धा हसले, पोट धरून. म्हणाले, "बसा सगळे. मेलेल्याला दोष द्यायचा तर वीज कंपनीचं काम त्याच्याकडे दिल्यासारखं होईल."

वन्सं बसल्या नाहीत. "लाइट आली तरी मशीन उठणार नाही. बघा."

मीही घाबरले होते, खोटं कशाला लिहू. असा झटका बसला की उठेल ह्याची खात्री कोणी द्यावी? भात आला, सूप आलं, लोक जेवले. मी घास खाल्ला नाही. आई भिंतीशी बसून ओठ हलवत होती. बाटली मी सकाळीच तिच्या पिशवीतून काढून घेतली होती.

लाइट आली. बटण दाबलं. निळा पडदा, पांढरी अक्षरं, मशीन स्वतःच्या पोटातलं तपासायला लागलं. कोणाला वाचता येत नव्हतं तरी सगळे भिंतीकडे बघत, एक म्हातारा आकडा वाढला की टाळी वाजवायचा. मग पडद्यावरची खिडकी उघडली. फिल्म उघडली. परत पहिल्यापासून लावली. मधूनच लावली असती तर वन्संना बोलायला जागा राहिली असती.

पेटी उचलली. खांद्यावर घेतली. वळले. निघाले. मामी नाचली, खोलीतली मामीही उठून नाचली. शेवटी मी बोआडूचं एक जुनं दृश्य लावलंय, कोणा दुसऱ्याच्या लग्नात कॅमेरा माझ्या हातात देतोय आणि ओरडतोय, धर नीट! तिथे पडदा पांढरा.

नाना उठले. "मशीन तिचं. कॅमेरा तिचा. ह्यापुढे ह्या गोष्टीसाठी कोणी माझ्या अंगणात यायचं नाही."

मी हात जोडले नाहीत. आभारही मानले नाहीत. जे माझंच होतं त्याचे आभार कसले? वायर गुंडाळली आणि मशीन स्वतः उचलून टॅक्सीत ठेवलं. खोकं अम्पोन्साचंच घेतलं. चांगलं मजबूत होतं.

शुक्रवार, २४ जानेवारी

वन्सं आल्या नाहीत. बरं झालं.

रविवार, २ फेब्रुवारी

पहाटे दार वाजलं. वन्सं. सुतकाच्या लालकाळ्या कापडात, डोक्यावर काही नाही, पाय धुळीनं माखलेले. त्यांचे यजमान गुरुवारी गेले. नव्या विधवेनं घराबाहेर पडायचं नसतं, मागच्या वाटेनं चालत आल्या. दफन अजून व्हायचंय आणि दिरांनी त्यांच्या शिवणाच्या दुकानाला कुलूप लावलं, शिवणयंत्रं आतच. यजमानांच्या बहिणीचा मुलगा, तो वारस, यंत्रांचं मोजमाप घेऊन गेला म्हणे.

आईनं पाणी दिलं. प्यायल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अचिया, त्या दिवशी नानांसमोर तू उभी राहिलीस, ते कसं? मला शिकव. उद्या मला उभं राहायचंय."

मी दार लावून घेतलं आणि त्यांच्या समोर बसले.